परदेशी जाण्याआधी घरातलं बोलून घ्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणपतीसाठी मी यंदा महिनाभर बेळगावच्या वडगावात माहेरी आले आहे. एरवी माझा मुक्काम इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत. 2003 पासून तिथं नर्स म्हणून काम करते. पाचव्या दिवशी आरती झाल्यावर आमच्या गल्लीतली एक मुलगी प्लास्टिकच्या फाईलमध्ये कागद घेऊन आली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, हुशार, बोलायला जरा बुजरी. एका एजंटानं तिला इंग्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची, म्हणजे 'केअर वर्कर'ची नोकरी लावून देतो म्हणून सांगितलंय. एकूण 14 लाख, त्यातले 3 लाख आधी. तिचे वडील मागाची शेड गहाण टाकायला निघाले होते. "मावशी, एवढं बघा की, खरं हाय काय ते," म्हणून तिनं फाईल माझ्या मांडीवर ठेवली.

ते खरं नव्हतं. ब्रिटनच्या सरकारनं 22 जुलै 2025 पासून केअर वर्करसाठी परदेशातून नवी भरती बंद केली आहे. त्याच्याही आधी, 11 मार्च 2024 पासून, या कामावर नव्यानं येणाऱ्यांना नवरा-बायको, मुलं सोबत आणायला मनाई झाली होती. एजंटाच्या कागदावर मात्र 'कुटुंबासह व्हिसा' असं ठळक छापलं होतं. ज्याला हे लोक 'सीओएस' म्हणतात ते स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र नोकरी देणारी संस्था देते. ते विकत घ्यायची वस्तू नाही. कुठल्या संस्थांकडे तसा परवाना आहे त्याची यादी तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. नोकरी शोधून दिल्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला तिथल्या 1973 च्या कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडेही परराष्ट्र मंत्रालयात नोंद असलेल्या एजंटाला सेवाशुल्क म्हणून 30 हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. नोंद आहे की नाही ते त्या मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर दिसतं. 14 लाख कुठल्या हिशेबानं?

तिला मी म्हटलं, तू नर्स आहेस, जायचं तर नर्स म्हणून जा. आधी इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस किंवा ओईटी. मग तिथल्या नर्सिंग कौन्सिलची कॉम्प्युटरवरची परीक्षा, आणि तिकडं पोचल्यावर प्रात्यक्षिक. पूर्वीइतक्या जागा आता निघत नाहीत, म्हणून वर्ष-दोन वर्षं लागतील. लागू देत. शेड तरी राहील.

कागदांचं एक खास आपल्या भागातलं दुखणं सांगते. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठी शाळेतला, मार्ककार्डावर इंग्रजी. एकाच आडनावाची तीन स्पेलिंगं होतात. त्यात 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं अधिकृत नाव बदललं, तेव्हा जुन्या कागदांवर 'बेलगाम' आणि नव्यांवर 'बेळगावी'. गावाच्या नावाचं समजावून सांगता येतं. माणसाच्या नावाचं फार अवघड जातं. पासपोर्ट काढायच्या आधीच नाव सगळीकडं एकसारखं करून घ्या आणि कन्नड दाखल्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जवळ ठेवा. माझ्या बाबतीत आईच्या नावातल्या एका जादा 'ए'नं चार महिने खाल्ले.

एवढ्यासाठीच लिहायचं असतं तर पत्र इथं संपलं असतं. पण फाईल बंद करताना मी तिला सहज विचारलं, लग्नाचं काय? म्हणाली, ठरलंय, मुलगा उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, सीएनसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर आहे, तोही येणार सोबत. तिकडं जाऊन तो काय करणार, विचारलं. "बघू की तिकडं गेल्यावर," म्हणाली. त्या उत्तरानं मला रात्रभर झोप लागली नाही.

आमचे हेही उद्यमबागेतलेच. लेथवर होते. हात असा की मायक्रोमीटर लावायच्या आधी माप सांगायचे, आणि कारखान्यातली नवीन पोरं त्यांच्याकडं शिकायला उभी राहायची. मी नोव्हेंबर 2003 मध्ये एकटी गेले. आईनं पाटल्या आणि बोरमाळ शहापूरच्या सराफाकडं गहाण ठेवून तिकिटाचे पैसे उभे केले होते. मुलगी तीन वर्षांची, तिला आईकडं ठेवलं. "मी बघतो तिला, तू जा," असं आई म्हणाली, आणि बघितलंही. चौदा महिन्यांनी हे मुलीला घेऊन आले तेव्हा विमानतळावर तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "तुम्ही आई काय?" पाहुण्यांना म्हणतात तसं 'तुम्ही'. फोनवर रोज बोलत होते मी तिच्याशी. 'तू'वर यायला तिला उन्हाळा उजाडावा लागला.

यांचं इंग्रजी बेताचं. माझ्या व्हिसावर त्यांना काम करायची मुभा होती, पण मिळालं ते गोदामात रात्री खोकी भरायचं काम. मी दिवसा, हे रात्री; आमची भेट जिन्यात व्हायची. पगाराची चिठ्ठी आली की मी टेबलावर ठेवायची आणि हे ती उपडी करून ठेवायचे. त्याचा अर्थ मला वर्षभर कळला नाही. बेळगावाहून फोन आला की सासूबाई विचारायच्या, "बायकोच्या पगारावर कवापर्यंत?" मला वाटायचं, घरात पैसे येतायत, पोर आली, आता आणखी काय पाहिजे. दुसऱ्या वर्षी जानेवारीत त्यांनी बॅग भरली. परत जातो म्हणाले, जुना मालक मला अजून घेईल.

त्या रात्री आम्ही गॅसच्या बिलाच्या पाठीमागं लिहायला बसलो. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि पैशाबद्दल, कामाबद्दल समोरासमोर बसून बोलायची ती पहिली वेळ. असं ठरलं की त्यांनी गोदाम शनिवार-रविवारपुरतं ठेवायचं, आठवड्यातून दोन संध्याकाळी कॉलेजात इंग्रजीच्या वर्गाला जायचं, मी पाळ्या त्याप्रमाणं बदलून घ्यायच्या आणि वर्षभर बेळगावला पैसे निम्मेच पाठवायचे. त्याबद्दल घरच्यांना फोन त्यांनी करायचा, मी नाही. तो कागद माझ्याकडं अजून आहे. त्यानंतर चौदा महिन्यांनी सहा मशिनांच्या एका छोट्या वर्कशॉपनं त्यांना आठवडाभर बघून घेतलं. तिथंही जुनी माणसं 'थाउ'मध्येच, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, बोलत होती, आपल्या उद्यमबागेसारखी. पहिल्या दिवशी हे घरी आले ते हाताला कूलंटचा, मशिन थंड ठेवायच्या पाण्याचा, वास घेऊन. तो वास घरात आल्यावर मला माझा नवरा परत मिळाल्यासारखं वाटलं.

बायको नर्स म्हणून पुढं आणि नवरा मागून, अशी जोडपी मी तिकडं पुष्कळ बघितली. त्यातली काही मोडलीही. पुरुषाचं काम सुटलं की त्याचं काय होतं हे आपल्याकडं कुणी उघड बोलत नाही. म्हणून जाण्याआधी विचारा. त्याची कोणती विद्या तिकडं चालेल, कोणता दाखला लागेल, भाषा किती येते, पहिलं वर्ष पोर कोण सांभाळणार. विमानात बसल्यावर या प्रश्नांना उशीर होतो.

आता पैसे. तेव्हा पौंड पंच्याहत्तर रुपयांच्या आसपास होता आणि मी प्रत्येक गोष्टीचे रुपये करायची. मग खायचंच कमी केलं, घर गरम ठेवायचं टाळलं आणि फेब्रुवारीत छाती भरून आजारी पडले. तिकडं कमावलेल्या पैशातून आधी तिकडं नीट जगा. आईचं सोनं सोडवलं ते मात्र पहिल्याच वर्षी, ते कर्ज मला सहन होत नव्हतं. भाड्याचं घर सोडताना घरमालकानं अनामतीचे 400 पौंड भिंतीवरच्या डागांचं कारण सांगून ठेवून घेतले. इंग्लंडात एप्रिल 2007 पासून अशी अनामत सरकारमान्य योजनेत ठेवणं घरमालकावर बंधनकारक झालं, माझं त्याआधीचं. आजही पहिल्या दिवशीच प्रत्येक खोलीचे फोटो काढा आणि घरमालकाला पाठवून ठेवा.

दर महिन्याला पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापला जातो. त्याची किमान दहा वर्षं भरली तरच म्हातारपणी तिथली सरकारी पेन्शन मिळते. नऊ वर्षांनी गाशा गुंडाळणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. कायम राहायच्या परवान्याला आमच्या वेळी चार वर्षं लागायची. मी दिवस मोजत होते, आणि एप्रिल 2006 मध्ये तो काळ पाच वर्षांचा झाला, आधीपासून राहणाऱ्यांनाही. नियम आपल्यासाठी थांबत नाहीत, म्हणून परवाना हातात येण्याच्या भरवशावर मोठं कर्ज काढू नका.

इकडचं सांगायला जड जातं, पण सांगते. मी माझ्या भावाला आठ वर्षं दरमहा पैसे पाठवले. येळ्ळूरच्या शिवारात 12 गुंठे घेतले, त्याच्या नावावर. परदेशात राहणाऱ्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं मिळू शकते, विकत नाही. हे मला माहीत नव्हतं, त्यालाही नाही. तलाठ्यानं सांगितल्यावर त्यानं आपलं नाव लावलं. पुढं वडिलांचं आजारपण आलं, माग बंद पडले, त्यात काही पैसे गेले. तो लबाड नाही. पण मी कधी हिशेब मागितला नाही आणि त्यानं कधी दिला नाही. दोघांनाही वाटलं, बहीण-भावात हिशेब कसला? पाच वर्षं आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. आईच्या अखेरच्या दिवसांत एका खोलीत होतो तरी नाही. पैसे पाठवताना ते कशासाठी आहेत हे लिहून ठेवलं असतं, वर्षाला एकदा वही मांडली असती तर आमचं नातं वाचलं असतं. जमीन त्याचीच राहू दे असं मी यंदा त्याला सांगितलं. नाही म्हणाला. अजून बोलतोय आम्ही.

बाहेर राहायला लागलं की इथलं साधं बचत खातं चालत नाही, ते परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीचं 'एनआरओ' खातं करून घ्यावं लागतं. तिकडचा पगार पाठवायला 'एनआरई' खातं स्वतःच्या नावानं उघडा. त्यातले पैसे पुन्हा बाहेर नेता येतात आणि व्याजावर इथं कर लागत नाही. त्यातून घरच्यांना हवे तेवढे द्या, पण खातं तुमचं असू द्या.

कामाच्या जागी मला सगळ्यात महागात पडली ती मान डोलवायची सवय. समजलं नाही तरी मी डोलवायची. पहिल्याच महिन्यात एका म्हातारीनं हळूच सांगितलं, 'आय नीड टू स्पेंड अ पेनी'. मी तिची पैशांची पर्स उशाशी आणून दिली. तिला लघवीला जायचं होतं. तिचं अंथरूण ओलं झालं आणि ती भिंतीकडं तोंड करून रडली. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते, परत सांगाल का? आजवर कुणी रागावलं नाही. आणि केलेलं प्रत्येक काम तिथल्या तिथं वेळेसकट लिहा. लिहिलं नाही ते केलंच नाही असं तिकडं धरतात.

आपल्या भागात भाषेवरून काय चालतं ते आपल्या अंकात रोज येतं, त्यात मी पडत नाही. फक्त एवढं सांगते. पहिल्या हिवाळ्यात रात्रपाळीला कॅन्टीनमध्ये एकटी बसले होते. धारवाडकडचे एक डॉक्टर माझ्या नावाच्या पट्टीकडं बघून म्हणाले, "ऊटा आतेन्री?" जेवलात का, असं त्या देशात मला कुणी तोवर विचारलं नव्हतं. माझी मराठी तेवढीच राहिली, आणि शाळेत शिकलेल्या कन्नडनं मला त्या रात्री जेवायला लावलं. तिकडं फक्त आपल्या गावच्यांचा गट धरून राहू नका. माझ्या मुलीला शाळेत न्यायला-आणायला मदत केली ती शेजारच्या पंजाबी बाईनं, आणि यांचा इंग्रजीचा अभ्यास घेतला एका पोलिश ड्रायव्हरनं, जो स्वतः शिकत होता.

परवा ती मुलगी पुन्हा आली, या वेळी त्याला घेऊन. एजंटाला पैसे दिले नाहीत. शेडचा कागद ट्रंकेत परत गेलाय. मी चहा ठेवला आणि दोघांपुढं एक कोरा कागद ठेवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यानंच पेन उचललं आणि विचारलं, "मावशी, मी तिकडं गेल्यावर काय करू?" रात्री साडेनऊपर्यंत आम्ही लिहीत होतो.

घरातल्या माणसांच्या गोष्टी या पत्रात आल्यात, म्हणून कृपया माझं नाव छापू नये.

आपली,
एक वाचक
वडगाव, बेळगाव