बारक्या तलावांचा वाली कोण?

संपादक साहेब, नमस्कार.

पाऊस लागला की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यांचं लक्ष दोन आकड्यांवर असतं, राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा किती फुटांवर आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आता शाळेतली पोरंपण सांगतात. त्याबद्दल तक्रार नाही, महापूर आम्हीपण बघितलाय. पण डोंगराच्या अंगाला जे बारके मातीचे तलाव आहेत, पाझर तलाव म्हणा नाहीतर लघु पाटबंधारे म्हणा, त्यांच्यात पाणी किती, गळती किती, हे कुणी विचारत नाही आणि विचारलं तर कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

भुदरगड तालुक्यातला मेघोलीचा तलाव १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री फुटला, एका बाईचा जीव गेला, जनावरं गेली, ओढ्याकाठची पिकं मातीसकट धुऊन गेली. गळतीची बोंब गावकरी आधीपासून मारत होते. त्याच्या दोन वर्षं आधी, २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, तिथंपण गळतीच्या तक्रारी झालेल्या होत्या आणि नंतर मंत्र्यांनी सगळं खेकड्यांवर ढकललं. लोक लै हसले तेव्हा. पण खरं बघितलं तर खेकडे, उंदीर, घुशी बांधात बिळं करतात हे काय खोटं नाही, आणि मातीच्या बांधात बीळ म्हणजे पाण्याला आयती वाट. मुद्दा एवढाच की ती बिळं बघायचं आणि बुजवायचं काम कुणाचं? खेकड्याचं तर नव्हं.

आमच्या रानाच्या वरच्या अंगाला असाच एक तलाव आहे. बांधाच्या खालच्या उतारावर बाभळी मांडीएवढ्या जाड झाल्यात, घाणेरी अशी माजलीय की माणूस आत शिरत नाही, मग ओल कुठं सुटलीय ते दिसणार कसं? वरनं झाड वाळलं की मुळं आत कुजतात आणि भरावात पोकळ नळी राहते ती वेगळीच. विमोचकाचा, म्हणजे तलावातलं पाणी खाली सोडायचा, पाइप बाहेर पडतो त्याच्या बाजूला दोन-तीन खाटा बसतील एवढ्या जागेत ऐन मे महिन्यातपण गवत हिरवंगार आहे, म्हशी तिथं चरायला गेल्या की खूर रुततात. आता मातीचं धरण थोडंफार पाझरतंच, त्याला कुणी घाबरायचं कारण नाही. पण पाझर स्वच्छ आहे तोवर ठीक, गढूळ यायला लागला म्हणजे आतली माती निघून चाललीय, मग आतल्या आत बोगदा व्हायला वेळ लागत नाही. हे बघायला मशीन लागत नाही, काचेचा ग्लास लागतो आणि दर आठवड्याला जाणारा माणूस लागतो, तोच नाही.

सांडव्याची, म्हणजे तलाव भरला की जादा पाणी निघून जायच्या वाटेची, गोष्ट तर बोलायलाच नको. तलाव मासेमारीला दिलाय, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून तोंडाला जाळी लावलेली, जाळीत पालापाचोळा आणि प्लास्टिक अडकलेलं, त्यात आमच्यातलेच काही शहाणे अजून थोडं पाणी साठावं म्हणून दगड आणि वाळूची पोती रचतात. दगडी धरणावरनं पाणी गेलं तर ते एक वेळ निभावतं, मातीच्या बांधाच्या माथ्यावरनं गेलं की संपलं.

अर्ज केला होता. एका कचेरीत म्हणाले तो तलाव आमच्याकडं नाही, हस्तांतर झालाय, दुसरीकडं गेलो तर म्हणाले कागदावर अजून पहिल्यांकडंच आहे. शेवटी एक तरुण इंजिनिअर आला, बांधावरनं चालत गेला, मोबाईलवर फोटो काढले आणि गेला, त्या पोरालापण काय बोलायचं, एकट्याच्या गळ्यात किती तलाव बांधलेत बघा.

कायद्याचं म्हणाल तर २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे, चांगला आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा, सगळं त्यात आहे. पण तो लागू होतो १५ मीटरच्या वरच्या धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्या त्याच धरणांना जी काही अटींत बसतात, म्हणजे लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर वगैरे. १० मीटरच्या आतलं धरण त्यातनं सुटलं. त्यात उंची मोजायची ती पायाच्या तळापासून, डोळ्याला दिसते तेवढी नाही. आता आमचा तलाव नऊ मीटर का अकरा, हे गावात एकालाही सांगता येत नाही कारण तिथं साधा फलकपण नाही. माझं म्हणणं, कायद्यात बसो न बसो, प्रत्येक तलावावर पाटी लावा, उंची, साठा, कुठल्या खात्याचा, जबाबदार अधिकारी कुठल्या हुद्द्याचा, शेवटची तपासणी कधी. आणि तपासणीचा कागद ग्रामपंचायतीला द्या, ग्रामसभेत वाचून दाखवा. फोटो काढून नेतात ते जातात कुठं ते तरी कळू दे.

अजून एक, आणि हे सगळ्यात तातडीचं. मेघोली काय नि तिवरे काय, दोन्ही रात्री फुटले. सांडवा भरून वाहायला लागला की रात्री बांधावर बॅटरी घेऊन कोण थांबणार, त्यानं पहिला फोन पोलीस पाटलाला करायचा का सरपंचाला, ओढ्याकाठची घरं कुठली, त्यांना उठवायला कोण जाणार, रेंज नसली तर काय (आमच्याकडं पाऊस आला की रेंज जातेच), देवळाच्या भोंग्याची किल्ली कुणाकडं, हे काहीच ठरलेलं नाही. याला पैसे लागत नाहीत, तहसीलदार साहेबांनी मृगाच्या आत गावागावात एक बैठक लावली तरी होतंय. आणि तुमच्या बातमीदाराला त्याआधी एकदा पाठवा, घाणेरी कापली नसेल तर कोयता मी घेऊन येतो, रस्तापण दाखवतो.

आपला,
तलावाखालचा एक शेतकरी, राधानगरी तालुका, जि. कोल्हापूर