फोटोत तूही हवास

गुहागर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं आमंत्रण मिळालं. आदल्या दिवशीच निघतो; धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरलो की दुपारपर्यंत आंजर्ल्यात. पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंयस, "घरच्यांचा एकत्र फोटो मीच काढेन." त्या एका ओळीपायी हे लांबलचक पत्र. फोटो तूच काढ, पण फोटोत उभा राहून काढ. आजीच्या पंच्याहत्तरीचा अल्बम गेल्या खेपेला तुमच्या पडवीत बसून पाहिला. मुंबईचे, पुण्याचे, थेट बडोद्याचे सगळे त्यात आहेत. जिच्या पदराला धरून तू मोठा झालास, तिच्याशेजारी तू मात्र एकाही फोटोत नाहीस. मला ते फार लागलं.

तेव्हा कॅमेऱ्याचा रिमोट घे, लांबून बटण दाबून फोटो काढायचा. टायमरने काम भागतं, पण टायमर लावून कुणी धावत आलं की सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर जातात. दहा सेकंद हसू धरून ठेवणं कुणालाच जमत नाही, आणि दुसरा फोटो हवा तर पुन्हा कॅमेऱ्यापाशी जाऊन या. १८३९ साली फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने स्वतःचाच फोटो काढला, तेव्हा लेन्सवरचं झाकण काढून तो समोर जाऊन बसला होता. त्या काळी प्लेटवर चित्र उमटायलाच मिनिटभर लागायचं, म्हणून ते साधलं. आता सगळा खेळ सेकंदाच्या शंभराव्या-दोनशेव्या भागाचा, आणि तो भाग कुठला हे टायमर ठरवतो. रिमोट हातात असला की ते तू ठरवतोस, तेही माणसांत उभं राहून. मला त्याचं मोल इथे वाटतं.

यंदा गौरी-गणपती पोचवून झाल्यावर, चाकरमानी परतायच्या आधी आमच्या खळ्यात सगळ्यांना बसवलं. मी मागच्या रांगेत, रिमोट धोतराच्या निऱ्यांआड. कॅमेऱ्यामागे कुणी नाही म्हटल्यावर पहिल्यांदा सगळे गोंधळले, मग विसरलेच. काकू धाकट्या जावेचा पदर नीट करायला लागली, पोरांनी एकमेकांना ढोसलं, आणि अण्णाकाका मान मागे वळवून म्हणाले, "अरे, काढतोस की नाही?" सगळे हसले, तिथेच अंगठा दाबला. अण्णाकाकांचा चेहरा अर्धाच आलाय, तरी घरात लावायला सगळ्यांनी तोच निवडला. मी कॅमेऱ्यामागे असतो तर ते हसू मला मागून घ्यावं लागलं असतं.

रिमोट कुठला ते कॅमेऱ्यावर ठरतं. दुकानात जाताना कॅमेराच घेऊन जा. इन्फ्रारेडचा छोटा रिमोट स्वस्त मिळतो, पण कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूची बारीक खिडकी त्याला समोर दिसावी लागते, आणि लख्ख उन्हात तो दमतो. अंगणात पाच-सात पावलांवर ठीक. तुमचा गोतावळा पाहता रेडिओवाला घे. त्याचा रिसीव्हर फ्लॅशच्या खाचेत बसतो, एक वायर कॅमेऱ्यात जाते, आणि बटण खिशातून, कुणाच्या पाठीआडून, कुठूनही चालतं. फोनवर काढायचं झालं तर ब्लूटूथचं बटण पुरतं. आवाजाची कळ दाबली असं समजून फोन फोटो घेतो. फोनच्या अ‍ॅपवरून कॅमेरा चालवता येतो, चौकट नीट लावायला ते फार सोयीचं. पण ऐन वेळी तू हातातल्या पडद्याकडे खाली बघत राहशील, म्हणून चौकट लागली की फोन बाजूला ठेव.

आता नीट वाच. रिमोटचं बटण दाबलं की कॅमेरा दर वेळी नव्याने फोकस शोधतो, आणि मधल्या फटीतून मागचं तुळशीवृंदावन पकडून बसतो. म्हणून खुर्च्यांच्या रांगेतल्या आजीवर एकदा फोकस कर आणि लेन्सवरची कळ मॅन्युअलला ने. अ‍ॅपर्चर आठच्या (f/8) आसपास ठेवलंस, म्हणजे लेन्सचं भोक लहान केलंस, तर पुढची पोरं आणि पायरीवर उभे असलेले, दोघेही स्वच्छ येतील. तुझा कॅमेरा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आहे, तेव्हा डोळा लावायच्या खिडकीवर झाकण घाल. मागे कुणी नसलं की तिथून उजेड आत शिरतो आणि ऑटोवरचं मोजमाप चुकतं. कडेच्या माणसांना चौकटीला चिकटू देऊ नकोस, वाइड लेन्समध्ये ती रुंद दिसतात. आणि प्रत्येक मांडणीचे भरपूर फोटो घे. इतक्या माणसांत कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच.

तुला समुद्र पाठीशी हवाय, ते कळलं. पण संध्याकाळी आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्राकडे, म्हणजे सगळे चेहरे काळे. उलट उभे राहा: पाठीशी माडांची रांग, तोंडं पश्चिमेला. मावळतीच्या ऊन्हात आजीच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती उजळेल. मात्र तसं केलंस तर कॅमेरा पाण्याच्या बाजूला येतो, आणि तुझ्या पत्रात मार्गशीर्षातली अष्टमी लिहिली आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते: आठाचे सहा. ऐन सूर्यास्ताला भरती! भांगाची, म्हणजे अष्टमीची लहान भरती असल्यामुळे उधाण नसेल, तरी ट्रायपॉड ओल्या वाळूत रुतायचा तो रुतणारच. पायांखाली फळीचे तुकडे घाल, मधल्या दांड्याला पिशवी टांग, आणि घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन उघडे वाळव.

खरं सांगू? आजीला वाळूतून चालवत नेऊच नका. किनाऱ्यावरचा फोटो पोरासोरांचा होऊ दे. आजीबरोबरचा अंगणात, पडवीच्या पायऱ्यांवर घ्या, ऊन उतरल्यावर. भर दुपारी नको, झावळ्यांतून पडणारे कवडसे तोंडावर ठिपके पाडतात. मांडवाचं कापड पांढरं सांगा. निळं ताणलंत तर सगळे निळे येतील.

आजीची खुर्ची हातांची असू दे, बसता-उठताना आधार लागतो. तिच्या उजव्या बाजूची जागा तुझी, तिथे आयत्या वेळी कुठल्याही आत्येला बसू देऊ नकोस. रिमोटच्या जादा बॅटऱ्या आणि माझा ट्रायपॉड घेऊन येतो, तुझ्याचा एक पाय सटकतो. सकाळी आरतीआधी एकदा रिकाम्या खुर्च्या मांडून सगळं लावून पाहू.

काका-काकूंना नमस्कार, आजीला साष्टांग. पोरांना सांग, पुढची रांग त्यांची.

तुझा,
गुहागरकर