वेलिंग्टनच्या फेरी धक्क्यावर भेटलेल्या ट्रकचालक दादांस

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार. त्या रात्रीच्या घाईत तुमचे आडनाव विचारायचे राहून गेले आणि तुमचा फोन नंबरही माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. न्यूझीलंडच्या महामार्गांवर मालाचे ट्रक चालवणारे मराठी लोक तसे मोजकेच आहेत. वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी तुम्हाला ओळखेल आणि हे तुमच्यापर्यंत पोहोचवील, अशी आशा आहे.

आईच्या शस्त्रक्रियेसाठी मी जुलैच्या सुरुवातीला गावी गेलो होतो आणि गायी विण्याचा हंगाम सुरू होण्याआधी दक्षिण बेटावरच्या कायकोराजवळच्या आमच्या डेअरी फार्मवर परतायचे ठरले होते. मुंबईत पावसामुळे विमान अडकले, त्यामुळे सिंगापूरचे पुढचे विमान चुकले आणि ऑकलंडला उतरलो तेव्हा माझी बॅग आलीच नव्हती. गावाकडे गोठ्यात जाऊन आल्याचे मी आगमनाच्या अर्जात खरेखुरे लिहिले होते, म्हणून अधिकाऱ्यांनी पायातले बूट काढून घेतले आणि तळव्यांतील माती खरवडून, धुऊन परत दिले. याबद्दल माझी तक्रार नाही. गुरांच्या लाळ्या-खुरकुत रोगाने या देशात आजवर पाऊल ठेवलेले नाही आणि माझ्या बुटांतून ते येण्यापेक्षा माझे पाय ओले राहिलेले केव्हाही बरे. शाळांच्या सुट्ट्यांमुळे ख्राइस्टचर्चच्या विमानांत जागा नव्हती. कसेबसे वेलिंग्टन गाठले, तर दक्षिणेकडून आलेल्या वाऱ्याने उत्तर आणि दक्षिण बेटांमधली कुक सामुद्रधुनी इतकी खवळली होती की सकाळची फेरी रद्द झाली. पायी प्रवाशांना पुढची जागा दोन दिवसांनी होती.

त्या धक्क्यावर बसून मी पत्नीशी फोनवर बोलत होतो. ठरल्या तारखेच्या आठवडाभर आधीच गायी विऊ लागल्या होत्या, रात्रीत अकरा वासरे झाली होती, मदतनीस मुलाचा हात फाटकात सापडून सुजला होता आणि ती दोन रात्री झोपली नव्हती. फोन ठेवल्यावर शेजारच्या बाकावरून तुम्ही विचारलेत, “चीक पाजायला कोण आहे?”

दादा, त्या तीन दिवसांत मी माझी अडचण अनेकांना सांगितली होती. सगळे चांगले लोक होते, पण प्रत्येकाने मला समजावले की एखाद-दुसऱ्या दिवसाने काय बिघडते, जीव सुखरूप आहे ना, मग झाले. वासराला पहिल्या काही तासांत चीक मिळाला नाही तर त्याच्या आतड्यांतून चिकातली रोगप्रतिकारक द्रव्ये रक्तात जाण्याची वाट हळूहळू बंद होते आणि दिवसभरानंतर कितीही पाजले तरी तो उपयोग राहत नाही, हे मी कोणाकोणाला सांगत बसणार होतो? तुम्हाला सांगावे लागले नाही. तुमचा पहिलाच प्रश्न ऐकून मला इतके हलके वाटले की मी क्षणभर काही बोलूच शकलो नाही.

नंतर तुम्ही जे केलेत ते मला ओळीने आठवते. तुम्ही मालकांना फोन करून ट्रकमध्ये सोबती घेण्याची रीतसर परवानगी काढलीत, खिडकीवर जाऊन तुमच्या बुकिंगमध्ये माझे नाव घालून घेतलेत, आणि माझे बूट पाहून केबिनमधून लोकरीचे मोजे आणि तुमचे जादा गमबूट काढून माझ्यापुढे ठेवलेत. संध्याकाळची फेरी सुटली. साडेतीन तासांच्या त्या प्रवासात, आल्याच्या वासाने सुद्धा मळमळावे अशा हेलकाव्यांत, तुम्ही मला जबरदस्तीने झोपायला लावलेत, कारण पुढे रात्रभर मला जागायचे आहे हे तुम्ही जाणून होतात.

पलीकडच्या पिक्टन बंदराहून निघालो तेव्हा रात्र झाली होती. ब्लेनम मागे पडल्यावर काही वेळाने रस्ता समुद्राला लागला. डावीकडे अंधारात लाटा आणि उजवीकडे डोंगराची भिंत. नोव्हेंबर 2016 च्या भूकंपाने हे डोंगर याच रस्त्यावर उतरले आणि वर्षभराहून अधिक काळ, डिसेंबर 2017 पर्यंत, तो बंद राहिला; त्या काळात लुईस पासच्या घाटातून रोज ट्रक कसे काढलेत ते तुम्ही सांगत होतात. मी जागा राहावा म्हणून बोलत होतात, हे माझ्या नंतर लक्षात आले.

आमच्या फाटकाशी मला सोडून तुम्ही पुढे जाल, असे मी धरून चाललो होतो. तुम्ही इंजिन बंद केलेत आणि म्हणालात की विश्रांतीचा अर्धा तास कुठेतरी घ्यायचाच आहे, तो इथे घेतो. गोठा इथे नसतोच, गायी उघड्या कुरणातच वितात, म्हणून पत्नीची बॅटरी जिकडे हलताना दिसली तिकडे आपण कुंपण ओलांडून चालत गेलो. चौथ्या वेताची आमची जर्सी विऊन आडवी झाली होती. मान कुशीकडे वळलेली, कान बर्फासारखे गार, नाक कोरडे. याला दुग्धज्वर म्हणतात, पण ताप मुळीच नसतो. चीक तयार होताना रक्तातले कॅल्शियम एकाएकी उतरते आणि जनावराच्या अंगातली ताकदच जाते. कॅल्शियमची बाटली थंडीने गारठली होती, ती तुम्ही न सांगता जॅकेटच्या आत, पोटाशी धरलीत. मी मानेच्या शिरेत सुई घातल्यावर तुम्ही बाटली हातात घेतलीत आणि ती फार उंच होऊ दिली नाहीत, कारण औषध भरभर गेले तर हृदय बंद पडते. पंधरा मिनिटे तुमचा हात हलला नाही. मी कानाला स्टेथोस्कोप लावून ठोके मोजत होतो आणि तुम्ही दर मिनिटाला हळू आवाजात “चालू ठेवू?” एवढेच विचारत होतात. मग तिच्या खांद्याचे स्नायू थरथरू लागले, तिने ढेकर दिली, शेण टाकले, आणि तुम्ही म्हणालात, “उठणार आता.” ती उठली तेव्हा तुम्ही फाटकाकडे निघालाही होतात.

चहासाठी थांबला नाहीत, याची रुखरुख माझ्या पत्नीला अजून आहे. आभार मानायला ती धावत आली तोवर ट्रकचे मागचे दिवे वळणावर गेले होते. तिने आग्रहाने लिहायला सांगितले आहे की त्या अर्ध्या तासात तिला तीन दिवसांनी प्रथमच खाली बसता आले.

त्या गाईची कालवड ठणठणीत आहे. कळपात 41 क्रमांकाचा बिल्ला तिच्या कानात आहे. तिला आम्ही विकणार नाही, हे दोघांनी त्याच पहाटे ठरवले. आईची तब्येतही सुधारते आहे. तिला फोनवर सगळे सांगितले तेव्हा तिने तुमच्या आईवडिलांची चौकशी केली, आणि मला उत्तर देता आले नाही.

तुमचे गमबूट माझ्याकडेच राहिले आहेत. धुऊन, वाळवून, दूध काढायच्या शेडच्या दाराशी खुंटीवर उलटे लावून ठेवले आहेत. दक्षिणेकडे जाताना किंवा परतताना जेव्हा सवड होईल तेव्हा या. पहाटे चारनंतर शेडमध्ये दिवा असतो, दारावर थाप मारली तरी पुरे.

आपला कृतज्ञ,
फाटकापर्यंत सोडायला आलेल्या आणि तेवढ्यावर न थांबलेल्या तुमचा एक धाकटा भाऊ