शुक्रवारची जुने गोवे भेट

सदस्यांनो, शुक्रवारी बॉम जेझू बॅसिलिकाला जायचं ठरलं आहे. सध्या ख्रिस्ती उपवासकाळ (ईस्टरआधीचे उपवास-प्रार्थनेचे दिवस) सुरू आहे, त्यामुळे तिथे भाविकांचं येणं-जाणं जास्त असेल. क्रुसाची वाट (येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची टप्प्याटप्प्याने होणारी प्रार्थना) चालू असेल तर मागे थांबा, मध्ये शिरून फोटो काढू नका. मोबाईल बंद ठेवा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला.

१६०५ मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च बाहेरून उघड्या जांभ्या दगडाचं दिसतं. मूळचा गिलावा १९५०च्या दशकात काढला गेला. पावसाने तो दगड झिजतो आहे, म्हणून कृपया भिंतींना टेकू नका. आत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष असलेली चांदीची पेटी उंचावर आहे. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सहून आला, त्यावरचं ब्राँझचं कोरीवकाम निवांत पाहा.