बाबांचा डोळा वाचवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना

चष्म्याचा नंबर तपासणाऱ्या ताई, तुमचं नाव विचारायचंही राहून गेलं. नंबर वाढला असेल म्हणून बाबांना तुमच्याकडे आणलं होतं. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके नाचतात, कडेला वीज चमकल्यासारखं होतं, असं ते सहज बोलले आणि तुम्ही हातातली भिंग बाजूला ठेवली. "काका, हे चष्म्याचं काम नाही. आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा." दुखत नव्हतं, लालीही नव्हती, आम्ही नक्कीच आठवडा घालवला असता.

डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, एका बाजूने सुटायला लागला होता. मधला भाग, ज्याने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तो अजून जागेवर होता. तो सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली, म्हणूनच बाबा आज वाचू शकतात.

पडदा जागेवर धरून ठेवायला डोळ्यात वायूचा बुडबुडा भरल्यावर काही दिवस मान खाली घालून राहायचं होतं. रात्रपाळीच्या सिस्टर, तुम्ही टॉवेलची गुंडाळी करून कपाळाखाली दिलीत, दर तासाला येऊन मान चोळलीत. बुडबुडा विरेपर्यंत विमानप्रवास नाही, उंचीवर तो फुगतो, हेही तुम्हीच न कंटाळता तीनदा समजावलंत.

आणि शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा नातू! रोज बाबांना पेपर वाचून दाखवायचास. बाबा अजून तुझी आठवण काढतात. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.