पेटी, निशाणी आणि १६८ एकर : मित्रास पत्र

मेलबर्न,
९ जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर का झाला, हे ऐकून तू हसशील. चौतीस वर्षे जमिनीच्या मालकीबदलाचे फेरफार, आकारबंद आणि रेकॉर्ड रूममधील दप्तराच्या रुमालांची धूळ यांत काढून मुलीकडे सहा महिने विश्रांतीला आलेला मी येथेही कागदच चाळत बसलो आहे. खातेदार मात्र या वेळी आपल्या तालुक्यातले नाहीत. आमच्या जावयाचे पूर्वज आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियातल्या या वसाहतीत कधी आणि कसे आले, हे शोधून काढण्याचे काम विहीणबाईंनी माझ्यावर सोपवले आहे. "तुम्हाला जुने दप्तर वाचता येते, तेव्हा हेही येईल," असा त्यांचा सरळ हिशेब. घराण्याचे आडनाव पत्रात लिहू नये, अशी त्यांची इच्छा असल्याने ते लिहीत नाही.

घरात परंपरेने चालत आलेली हकिकत अशी, की जावयाच्या आईची खापरपणजी ही एका जहाजाच्या कप्तानाची पुतणी होती, ती काकाबरोबर हौसेने मेलबर्नला आली आणि येथेच राहिली. पुरावा म्हणून एक लाकडी पेटी दाखवतात. पेटी सुमारे दोन फूट लांब, कुलपाची, लोखंडी कोपरे गंजलेले. त्या घरात तिला "कप्तानाची पेटी" असेच म्हणतात आणि हल्ली तिच्यात लोकर आणि विणकामाच्या सुया असतात.

आपल्याकडे कोणी वंशावळ काढायला निघाला, की तो आधी त्र्यंबकेश्वरच्या किंवा नाशिकच्या उपाध्यायांकडे जाऊन नामावळी उघडायला सांगतो. येथे तसा उपाध्याय नाही. त्याचे काम सरकारी निबंधकाने केले आहे, आणि खरे सांगायचे तर फार चोख केले आहे. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया प्रांतात येते तेथे जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८५३ पासून सुरू झाली. विल्यम हेन्री आर्चर नावाच्या संख्याशास्त्रज्ञ अधिकाऱ्याने तिचे नमुने इतके तपशीलवार आखले, की मृत्यूच्या एका दाखल्यात माणसाचे अर्धे चरित्र येते : आईवडिलांची नावे, आईचे माहेरचे आडनाव, जन्मस्थान, लग्न कोठे व कितव्या वर्षी झाले, अपत्ये क्रमाने व त्यांची वये, आणि "या वसाहतीत किती वर्षे" असा एक स्वतंत्र रकाना. आपल्या वारस नोंदीत एवढे असते, तर निम्मे दिवाणी दावे उभेच राहिले नसते. उलट येथील जनगणनेचे घरोघरचे तक्ते आकडेमोड संपली की नष्ट करीत, त्यामुळे त्या वाटेने काही हाती लागत नाही.

आपला जुना नियम मी येथेही पाळला. जो कागद हातात आहे त्यापासून एकेक पिढी मागे जायचे. मूळ पुरुष ठरवून खाली उतरायचे नाही. शुल्क भरले की दाखल्याची प्रत संगणकावर येते. चौथ्या प्रतीत खापरपणजी सापडली. मृत्यू १८९८, वय ७०, जन्म टिपरेरी, वसाहतीत ४९ वर्षे. म्हणजे आगमन १८४९. माहिती देणारा तिचा जावई. पण १८५५ साली पहिल्या मुलाच्या जन्माच्या वेळी तिने स्वतः आपले वय २२ सांगितले होते. दोहोंत पाच वर्षांचा फरक पडतो, आणि मी अर्थातच तिचे मानले. सासूचे वय सांगणाऱ्या जावयावर किती विसंबायचे, हे मी स्वतः जावई असल्यामुळे जाणतो.

१८४९ हा आकडा दिसला आणि मला शंका आली, कारण त्या वर्षीच्या जहाजांविषयी मी नुकतेच वाचले होते. आयर्लंडात १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, दहा लाखांच्या आसपास माणसे उपासमारीने व साथींनी गेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली, आणि निराधारांना आसरा देणारी सरकारी वर्कहाउसे मुलांनी भरून गेली. त्याच वेळी येथील वसाहतींत पुरुष उदंड आणि मोलकरणी व लग्नाच्या मुली दुर्मीळ. वसाहतखात्याचे मंत्री अर्ल ग्रे यांनी दोन्ही अडचणींवर एकच तोड काढली. १८४८ ते १८५० या काळात वर्कहाउसांतून निवडलेल्या ४,११४ मुली वीस जहाजांतून इकडे पाठवण्यात आल्या : सिडनीला २,२५३, मेलबर्नला १,२५५ आणि ॲडलेडला ६०६. बहुतेकींचे वय चौदा ते अठराच्या दरम्यान. सगळ्यांना "अनाथ" म्हटले गेले, पण काहींची आई किंवा वडील हयात होते. खायला घालता येत नाही म्हणून त्यांनी मुलीला वर्कहाउसात ठेवले होते, एवढेच.

मेलबर्नला आलेल्या सहा जहाजांपैकी "पेम्बर्टन" मे १८४९ मध्ये, तीनशेवर मुली घेऊन बंदरात शिरले. त्याच्या यादीत आमची मुलगी आहे. आडनावातले पहिले अक्षर वेगळे, पुढे एक स्वर जास्त, पण वय १६, परगणा टिपरेरी, धर्म कॅथलिक, आणि शेवटच्या रकान्यात "वाचता नाही, लिहिता नाही". कप्तान, काका, हौस यांपैकी कशाचाही पत्ता नाही.

यादीहूनही मला अडवून धरले ते दुसऱ्या एका नोंदवहीने. जहाजातून उतरवलेल्या मुलींना आगारात ठेवीत आणि मालक तेथे येऊन मुलगी पसंत करून नेत. कोणती मुलगी कोणाकडे, कोणत्या दराने, किती मुदतीसाठी गेली, याची जी यादी ठेवली जाई तिला इंग्रजीत "विल्हेवाटीची यादी" अशा अर्थाचे नाव आहे. शब्द गुरांच्या बाजारातला वाटतो, आणि मला तो अजून पचलेला नाही. आमच्या मुलीपुढे एकच ओळ आहे : जिलॉंगचा एक पावविक्रेता, वर्षाला ८ पौंड, मुदत एक वर्ष. वळणदार अक्षर, तपकिरी पडलेली शाई, आणि "८" च्या आकड्यावर कारकुनाने पुन्हा एकदा टाक फिरवलेला. आधी बहुधा ७ लिहिले होते. एका पौंडाची ही वाढ कोणी मागितली असेल, याचा विचार करत मी त्या दुपारी बराच वेळ बसलो. सोळा वर्षांच्या, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या पोरीने मागितली असेल असे मला वाटत नाही. पण वाटणे म्हणजे पुरावा नव्हे.

निघताना प्रत्येक मुलीला सरकारी खर्चाने सामान मिळे : सहा शमीज, दोन फ्लॅनेलचे परकर, मोज्यांचे सहा जोड, बुटांचे दोन जोड, दोन झगे आणि त्यांतला एक उबदार कापडाचा. आणि हे सगळे ठेवायला कुलपाची एक लाकडी पेटी. हे वाचल्यावर मी विहीणबाईंना पेटी रिकामी करायला सांगितले. सरकारी मापाशी लांबी जुळते. झाकणाच्या आतल्या अंगाला सामानाची यादी चिकटवीत. तेथे चौकोनी फिकट डाग आहे, डिंकाचा असावा. नाव मात्र कोठे दिसत नाही, बाहेरून दोनदा तरी रंग मारला गेला आहे. तेव्हा पंचनाम्यात मी ही पेटी "वादग्रस्त मालमत्ता" म्हणून ठेवली आहे. विहीणबाईंनी तिला कप्तानाची म्हणणे मात्र त्या दिवसापासून बंद केले.

या मुलींचे येथे स्वागत झाले असे समजू नकोस. मेलबर्नच्या "आर्गस" वृत्तपत्राने १८५० साली त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. कामात अनाडी, वळण नसलेल्या, कॅथलिक आयरिश अशा नाना तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी योजना गुंडाळण्यात आली. कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रे "ट्रोव्ह" नावाच्या संग्रहात सर्वांसाठी विनामूल्य खुली केली आहेत, त्यामुळे ते अंक मला घरबसल्या वाचता आले. वर्कहाउसात वाढलेल्या मुलीला दूध काढता येत नाही, म्हणून एवढा संताप! घरी गाय असती तर ती वर्कहाउसात गेली असती का? एवढे वाचल्यावर खापरपणजीने आपल्या मुलांना कप्तान काका का सांगितला, याचे मला नवल वाटले नाही.

लग्न १८५२ साली जिलॉंगच्या कॅथलिक चर्चमध्ये झाले. सरकारी नोंदणीच्या आधीचे असल्याने केवळ चर्चच्या वहीत आहे. नवरा आयरिशच, सोन्याच्या शोधात आलेला. मग बॅलरॅटच्या खाणी, आठ मुले, त्यांतली तीन लहानपणीच गेली. या वीस वर्षांबद्दल दाखल्यांपलीकडे काही मिळाले नाही.

आता तुझ्यामाझ्या आवडीच्या भागाकडे येतो. १८६९ च्या जमीन कायद्याने व्हिक्टोरियात कोणालाही ३२० एकरांपर्यंत सरकारी जमीन निवडता येत असे : तीन वर्षांचा परवाना, एकरी सालीना दोन शिलिंग, जमिनीवर प्रत्यक्ष राहण्याची आणि सुधारणा करण्याची अट, आणि अट पाळली तर पुढे पट्टा. या जोडप्याने १८७४ साली गोलबर्न नदीच्या खोऱ्यात, शेपर्टनच्या उत्तरेला १६८ एकर घेतली. तिची फाइल नॉर्थ मेलबर्नच्या सरकारी अभिलेखागारात मऊ उशीवर ठेवून, हातात फक्त शिसपेन्सिल घेऊन मी वाचली. पट्ट्याच्या अर्जात पीकपाणी आणि बांधकाम अगदी आपल्या पद्धतीने लिहिलेले आहे : गहू ४२ एकर, घर २४ फूट बाय १२ फूट, फळ्यांचे, छप्पर झाडाच्या सालीचे, एक तळे, कुंपण इतक्या साखळ्या. कुंपणाची लांबी पाहून मी क्षणभर चक्रावलो. मग लक्षात आले, की यांची साखळी ६६ फुटांची, आपली ३३ फुटांची.

फाइलमध्ये मोजणीचा नकाशा आहे, सीमा आहेत, दगड आहेत, शेजारचे कब्जेदार आहेत. त्याआधी हजारो वर्षे त्या भूमीवर असलेल्या योर्ता योर्ता लोकांचा मात्र एका शब्दानेही उल्लेख नाही. आपण इतके फेरफार केले, पण आधीच्या भोगवटादाराचे नावच नसलेला फेरफार कधी मंजूर केला नव्हता. विहीणबाईंना हे मी सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "उपाशी माणसाला जमीन मिळाली, ती कोणाची होती ते त्याला विचारायचे सुचले नाही." मी वाद घातला नाही, मला ते उत्तर पुरेसेही वाटले नाही.

नवरा १८८३ मध्ये वारला आणि पट्टा विधवेच्या नावावर आला. त्या अर्जावर कारकुनाने तिचे नाव लिहून मधे फुली मारायला जागा सोडली आहे, आपल्याकडे "नि. डा. अं." म्हणजे डाव्या अंगठ्याच्या निशाणीसाठी सोडत तशीच. लग्नाच्या वहीतही फुली होती. म्हणून १८९६ सालचे तिचे मृत्युपत्र उघडताना माझी नजर आपोआप फुली शोधू लागली. फुली नाही, सही आहे. थरथरती, एकेक अक्षर सुटे, शेवटची दोन अक्षरे ओळीखाली घसरलेली, पण सही. तिला कोणी शिकवले, हे कोणत्याही कागदात नाही. व्हिक्टोरियात १८७२ च्या कायद्याने शिक्षण मोफत व सक्तीचे झाले आणि धाकटी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, एवढ्या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी लिहून ठेवल्या आहेत.

आयर्लंडातला शोध अजून अपुरा आहे. तेथील एकोणिसाव्या शतकातली जनगणना बरीचशी नष्ट झाली. काही सरकारनेच लगद्याला दिली, काही १९२२ साली डब्लिनच्या अभिलेखागाराबरोबर जळाली. कॅथलिक चर्चच्या वह्या मात्र तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून खुल्या केल्या आहेत. एका मुलाच्या दाखल्यात आईचे जन्मस्थान कॅशेल लिहिले आहे. त्या परिसराच्या वहीत १८३१ आणि १८३३ अशा दोन वर्षी त्याच नावाच्या दोन मुलींचे बाप्तिस्मे आहेत, वडील वेगवेगळे. मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांचे नाव "माहीत नाही". दोघींपैकी आपली कोणती, हे ठरवायला मी तयार नाही. आमचा जावई म्हणतो, १८३३ ची घेऊन टाका. मी त्याला सांगितले, की असे घेऊन टाकलेले वारस मी आयुष्यभर निस्तरले आहेत.

पुढचा आधार म्हणजे ग्रिफिथ यांची जमीन आकारणी, १८४७ ते १८६४. ती पाहून तुझे डोळे निवतील : गाव, कब्जेदार, जमीनमालक, क्षेत्र, आकार, आणि नकाशाशी जोडणारा क्रमांक. साक्षात सातबारा! क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये. एक रूड म्हणजे आपले दहा गुंठे. त्या नकाशांमागच्या मोजणीचे आपल्याशीही नाते आहे. हिंगणघाटला देह ठेवलेल्या लॅम्बटननंतर हिंदुस्थानच्या मोजणीची धुरा घेणारे एव्हरेस्ट १८२९ साली आयर्लंडची मोजणी पाहायला गेले होते आणि मोजणीची पायारेषा मोजण्याच्या तिथल्यासारख्या पट्ट्या त्यांनी आपल्याकडे आणवल्या. हे सांगितल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "मग आपण मोजणीने का होईना, आधीपासूनच सोयरे."

येत्या शनिवारी आम्ही सगळे शेपर्टनकडे जाणार आहोत. १६८ एकरांची ती जमीन आता तीन मालकांत वाटली गेली आहे; त्यांतल्या एकाने पाहायला परवानगी दिली आहे. मोजणीच्या नकाशाची प्रत घेतली आहे. ईशान्येचा कोपरा रस्त्याला लागून असल्याने तो सापडेल, आणि तेथून घराची जागा साखळीने काढता येईल असे मला वाटते. घर उरलेले नसणार, पण तळ्याचा खळगा असावा.

तुझ्या माळ्यावर आपल्या वेळची ३३ फुटांची साखळी अजून असेल, तर शुक्रवारच्या आत तिचा एक फोटो पाठव, कड्या नीट दिसतील असा. विहीणबाईंना तो पाहायचा आहे, आणि सोयरिकीच्या पुराव्यादाखल त्या पेटीत ठेवायचाही आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
रेकॉर्ड रूममधला जुना सोबती