बरणीतला तो साप

चि. साईश,
अनेक आशीर्वाद.

फर्मागुढीच्या खोलीत बरणीत ठेवलेल्या जिवंत सापाचा फोटो मोठा करून पाहिला. काळपट अंग, पांढरे पट्टे, आणि खाली तू लिहिलंयस, 'कवड्या आहे, बिनविषारी.' बाळा, कवड्या आणि विषारी मण्यार यांत भल्याभल्यांची गफलत होते. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचे मानेपासूनच ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. पण मण्यारीच्या पिल्लाला मानेपासूनच पट्टे दिसतात, तिथे ही खूण फसते. पाठीच्या कण्यावर बाजूच्यांपेक्षा मोठे, षट्कोनी खवले असतील तर मण्यार. तेवढं दिसायला नाक बरणीला लावावं लागेल, म्हणून बघूच नकोस. मण्यार समजूनच वाग.

तिचा दंश फसवा असतो. सूज नाही, आग नाही, दातांची खूण शोधूनही सापडत नाही. झोपेत चावली तर माणूस उठतही नाही. काही तासांनी पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, थुंकी गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हे विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. तिथली हानी झाली की प्रतिविषाने ती भरून निघत नाही, ती टोकं पुन्हा तयार होईपर्यंत व्हेंटिलेटरवर दिवस काढावे लागतात. म्हणून लक्षणांची वाट पाहायची नसते.

'दात काढून टाकले की झालं' असं तुझा मित्र म्हणतो. विषदंतामागे बदली दात तयारच असतात, ते पुढे येतात आणि विषग्रंथी तर जागच्या जागीच राहते. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांपुरतंच. सत्तरीच्या रानातला हिरवा चापडा हा विषारी साप 'पाळायचा' विचार असेल तर त्याच्यावर ते चालत नाही, हेही त्याला सांग. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे साप बाळगणं गुन्हा आहे.

आता कामाचं. बरणी उघडू नकोस, हलवूही नकोस. झाकण घट्ट आहे ना ते लांबूनच पाहा, खोलीला कुलूप लाव आणि फोंड्याच्या वन खात्याला कळव. सापाला न्यायला त्यांनाच येऊ दे.

कुणाला चावलाच, तर पट्टा आवळून बांधायचा नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, घड्याळ काढा. हाताला किंवा पायाला फळी लावून हाड मोडल्यासारखं स्थिर ठेवा. वेळ लिहून ठेवा. चालत किंवा दुचाकीवर बसून जायचं नाही, 108 ला फोन करा. खूण दिसली नाही तरी इस्पितळात 24 तास देखरेखीखाली राहायचं. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

बरणी गेली की लगेच फोन कर, मध्यरात्र असली तरी.

तुझे,
आई-बाबा